हातातली विद्या



संध्याकाळी मीरा रोडला किंवा भाईंदरला फेरफटका मारला, की पांढरा पोशाख आणि कमरेला रंगीत पट्टा अशा थाटात निघालेली मुलंमुली हमखास दिसतात. कुणाचा वर्ग शाळेच्या हॉलमध्ये, कुणाचा सोसायटीच्या गच्चीवर. यातलं कराटे जपानचं, तायक्वांदो कोरियाचं आणि कुंग फू चीनचं, हे तुम्हांला ठाऊक असेलच. पण 'कुंग फू' या शब्दाचा मूळ अर्थ मारामारी असा नाही बरं का! वेळ आणि कष्ट देऊन कमावलेलं कौशल्य म्हणजे कुंग फू. त्याचे कितीतरी प्रकार आहेत. त्यांतलाच एक 'विंग चुन'. तो जगापुढे आणणाऱ्या इप मॅन गुरुजींची ही गोष्ट.

२००८ साली त्यांच्या नावाचा सिनेमा आला. त्यात ते एकटेच दहा जणांना लोळवतात आणि जपानी सेनापतीशी झुंजतात. टाळ्या वाजवायला छान! पण ती झुंज सिनेमावाल्यांच्या कल्पनेतली. खऱ्या इप मॅनची लढाई वेगळीच होती.

त्यांचा जन्म १८९३ साली दक्षिण चीनमधल्या फोशान शहरात झाला. घरची श्रीमंती होती, वाडा होता. पोरवयातच ते चान वा-शुन या वृद्ध गुरूंकडे विंग चुन शिकू लागले. गुरूंचे ते शेवटचे शिष्य. पुढे शिक्षणासाठी ते हाँगकाँगला गेले, परतल्यावर फोशानमध्ये पोलीस खात्यात नोकरी केली. विद्या अंगात मुरलेली होती, पण पोटासाठी शिकवण्याची वेळ कधी आली नव्हती.

मग दिवस पालटले. १९३८ मध्ये जपानी सैन्यानं फोशान ताब्यात घेतलं. युद्धात घरची संपत्ती गेली. १९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी राजवट आली आणि इप मॅन यांनी गाव सोडलं. ते हाँगकाँगला आले, तेव्हा तिथं इंग्रजांचं राज्य होतं आणि चीनमधून निर्वासितांची रीघ लागली होती. वय छपन्न. ना घर, ना पैसा. पत्नी फोशानलाच राहिली आणि १९६० मध्ये तिथंच वारली. दोन मुलगे वडिलांजवळ आले ते थेट १९६२ मध्ये!

विचार करा, अशा वेळी माणसाजवळ काय उरतं? इप मॅन यांच्याजवळ हातातली विद्या उरली होती. ती कुणाला लुटता आली नव्हती, आणि सोबत आणायला पेटीही लागली नव्हती.

१९५० मध्ये हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या जागेत त्यांनी शिकवायला सुरुवात केली. पहिले विद्यार्थी कोण? दिवसभर राबून आलेले हॉटेलातले कामगार! पुढे जागा बदलत गेल्या. हाँगकाँगमध्ये जागेची टंचाई आपल्यासारखीच, म्हणून गच्चीवरही सराव चाले.

आणि ते शिकवायचे काय? विंग चुनमध्ये उंच उड्या नाहीत. शरीराच्या मधोमध एक रेषा कल्पायची, तिचं रक्षण करायचं आणि जवळच्या वाटेनं ठोसा द्यायचा. एका हातानं अडवायचं, त्याच क्षणी दुसऱ्यानं मारायचं. 'ची साव' नावाचा सराव तर भारीच गमतीचा. दोघांनी समोरासमोर उभं राहून हाताला हात टेकवायचे आणि समोरच्याचा जोर कुठून येतोय ते स्पर्शानं ओळखायचं. सराव पक्का झाला, की डोळे बांधूनही करता येतं. अंगठीएवढी जागा सापडली, की हात तिथून आत शिरतो. म्हणूनच इथं नुसती ताकद कामाला येत नाही. समोरच्याला नीट जाणून घ्यावं लागतं.

त्यांच्या विद्यार्थ्यांत एक चळवळ्या किशोरवयीन मुलगा होता. १९५९ मध्ये तो अमेरिकेला गेला, तिथं स्वतः शिकवू लागला आणि पुढे सिनेमांतून जगभर गाजला. ओळखलंत? ब्रूस ली! शिष्याचं नाव दुमदुमलं, पण गुरुजी आपले हाँगकाँगमध्ये शांतपणे शिकवत राहिले. १९६७ मध्ये त्यांनी शिष्यांच्या मदतीनं विंग चुनची संस्था स्थापन केली. अखेरच्या आजारपणातही, शरीर थकलेलं असताना, त्यांनी कॅमेऱ्यासमोर विंग चुनच्या हालचाली करून दाखवल्या. का, तर पुढच्यांना त्या जशाच्या तशा मिळाव्यात! २ डिसेंबर १९७२ रोजी त्यांचं निधन झालं. ती चित्रफीत आजही विद्यार्थी बघतात.

पालकहो, एक गोष्ट तुमच्यासाठी. इप मॅन यांच्या वर्गात रंगीत पट्टे नव्हते. विद्यार्थी किती शिकला, ते त्याच्या हाताला हात लावला की कळे. तेव्हा मूल वर्गाहून घरी आलं, की "पुढचा पट्टा कधी?" असं विचारण्याआधी "आज काय जमलं?" असं विचारून बघा.

आणि मुलांनो, आपल्या मीरा-भाईंदरमध्येही किती माणसं दुरून आली आहेत! कुणी कोकणातून, कुणी राजस्थानातून, कुणी उत्तर प्रदेशातून. तुमच्याच इमारतीतल्या एखाद्या आजोबांना किंवा आजीला या रविवारी विचारा, "तुम्ही गावाहून येताना कोणती विद्या घेऊन आलात?" कुणी सुतारकाम सांगेल, कुणी भजन, कुणी कुस्तीचा डाव. जमलं तर ती थोडी शिकूनही घ्या. शिकायला कुणी आलं, तरच ती विद्या पुढे जाते.