पक्षीयात्रेची कीर्द-खतावणी

स्वतः वाहन चालवीत परदेशातील सरोवरे, अरण्ये आणि समुद्रकिनारे पाहायचे, तेथील पक्ष्यांच्या मागे दोन-चार आठवडे हिंडायचे, ही हौस अगदी अलीकडची वाटते. व्यापारी घरातील तरुणाने अशा प्रवासाचा विषय काढला, की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यातून मिळणार काय? प्रश्न व्यापाऱ्याला शोभणाराच आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. त्याचे उत्तर पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या एका प्रवासात सापडते.

१९५० साली स्वीडनमधील अप्साला येथे आंतरराष्ट्रीय पक्षिशास्त्र परिषद भरली. तिचे निमंत्रण मुंबईच्या सलीम अली यांना आले होते. त्यांचे वय त्या वेळी त्रेपन्न होते. पत्नी तेहमिना १९३९ मध्येच निवर्तल्या होत्या. ज्या वयात गृहस्थ गादीवरचा कारभार मुलांच्या हाती सोपविण्याचा विचार करू लागतो, त्या वयात त्यांनी आपली सनबीम मोटारसायकल मुंबईहून ‘स्ट्रॅथीडन’ या आगबोटीवर चढवली आणि युरोपातील प्रवास तिच्यावरूनच केला. फ्रान्समध्ये किरकोळ अपघात होऊन त्यांना दुखापत झाली. जर्मनीतील दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवर ते अनेकदा घसरून पडले. भारतात वाहने डावीकडून चालतात, फ्रान्स व जर्मनीत उजवीकडून, आणि स्वीडनमध्ये १९६७ पर्यंत पुन्हा डावीकडून. म्हणजे एकाच प्रवासात हाताची सवय दोनदा बदलणे आले. सामानाने लादलेल्या गाडीवरून ते पहिल्या सत्राच्या वेळेला अप्सालात पोहोचले, तेव्हा हा गृहस्थ थेट हिंदुस्थानातून मोटारसायकलवर आला, अशी वदंता पसरली.

या धाडसामागचा माणूस मूळचा व्यापारातला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. १८९६ साली जन्मलेले सलीम अली ऐन तारुण्यात कुटुंबाचा खाणीचा व इमारती लाकडाचा व्यवसाय पाहण्यासाठी ब्रह्मदेशात तवॉय येथे गेले. मोटारसायकलचा नाद त्यांना तेथेच लागला. लक्ष मात्र हिशेबापेक्षा रानातील पक्ष्यांकडे अधिक. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी दावर्स कॉलेज ऑफ कॉमर्समध्ये व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्राचे शिक्षण घेतले. त्याच काळात सेंट झेवियर महाविद्यालयात प्राणिशास्त्राचेही धडे गिरवले. ब्रह्मदेशातील व्यवसाय पुढे टिकला नाही. पेढीच्या भाषेत बोलायचे, तर हे खाते तोट्यात बंद झाले.

त्यानंतरचा काळही सुखाचा नव्हता. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. तीतून रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि एर्विन श्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परतून पाहतात, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीम येथे राहावयास गेली. तेथे सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले. नाव सुगरण असले, तरी घरटे नर विणतो. ते अर्धे झाले की माद्या येऊन पाहणी करतात, पसंत पडलेल्या घरट्यात मादी संसार थाटते आणि नर दुसरे घरटे विणावयास घेतो, हा सारा क्रम त्यांनी नोंदवून प्रसिद्ध केला. बेकारीच्या दिवसांत केलेले हे काम पुढे त्यांच्या कीर्तीचा पाया ठरले.

यानंतरची हकीकत जालन्याच्या वाचकांना जवळची वाटावी. संस्थानांनी केवळ मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च सोसावा, आपण मेहनताना न घेता तेथील पक्ष्यांची पाहणी करू, असा प्रस्ताव सलीम अलींनी मांडला. त्यातून निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पाहणी १९३१ च्या सुमारास सुरू झाली. औरंगाबाद जिल्ह्यातील जालना तालुका त्या वेळी याच संस्थानात मोडत होता. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. तेहमिना तंबूतील या फिरत्या संसारात पतीच्या बरोबरीने राहिल्या. घरच्या माणसाने विश्वास ठेवला नसता, तर ही पाहणी कागदावरच राहिली असती.

व्यापार सुटला, तरी व्यापाऱ्याची एक सवय या कामाला हवीच होती. ती म्हणजे रोजची नोंद रोज करणे. कोणता पक्षी, कोणत्या तारखेस, कोठे, काय करताना दिसला, ही झाली कीर्द. वर्षानुवर्षांच्या नोंदी पक्ष्यावार मांडल्या की खतावणी तयार होते. १९४१ मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ आले. पुढे डिलन रिप्ली यांच्यासमवेत भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध झाला. पद्मविभूषणाचा मान १९७६ मध्ये मिळाला. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा तोट्यात गेलेल्या त्या जुन्या खात्याची आठवणही कोणाला उरली नव्हती.

अहिंसा मानणाऱ्या घरात एक गोष्ट लपवून चालणार नाही. बालपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून सलीम अलींचे कुतूहल जागे झाले. पुढील पाहण्यांतही पक्षी टिपून त्यांचे नमुने जतन करण्याची तेव्हाची रूढ शास्त्रीय पद्धत त्यांनी वापरली. तिचे समर्थन करावे असे नाही; पण आज त्या वाटेने जाण्याची गरजही उरलेली नाही. पक्ष्याच्या पायात कडे घालून त्याला सोडून देण्याची रीत सलीम अली स्वतः जर्मनीतील हेल्गोलँड येथे शिकले होते आणि पुढे भारतातही ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. हौशी माणसाला तर दुर्बीण, वही आणि सबुरी पुरेशी आहे. छायाचित्रासाठी घरट्याजवळ जाणे, पक्ष्याला मुद्दाम उडवणे, ही देखील पीडाच होय, एवढे ध्यानी ठेवावे.

परदेशात स्वतः वाहन चालवावयाचे असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा लागतो. त्याची मुदत साधारणतः एक वर्षाची असते. वाहने रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालतात, हे आधी पाहून पहिला दिवस थोड्या अंतराचाच ठेवावा. स्वतःचे वाहन असले, की भोजनाची वेळ व शिधा हाती राहतो. पक्षी पाहण्याची उत्तम वेळ पहाटेची असल्याने नवकारसीपूर्वीच सकाळचे मुख्य काम आटोपते. चौविहार पाळणाऱ्यांनी मात्र उत्तरेकडील देशांत सूर्यास्ताची वेळ रोज पाहावी. जूनमध्ये अप्सालासारख्या ठिकाणी सूर्य रात्री बऱ्याच उशिरा मावळतो.

मात्र सलीम अली अप्सालाला गेले, ते वीस वर्षे घरचे पक्षी पाहून झाल्यावर. हा क्रम महत्त्वाचा आहे. अंबड, घनसावंगी व परतूर या तालुक्यांच्या दक्षिण कडेने गोदावरी वाहते. त्याच नदीवर पैठणला जायकवाडीचा विस्तीर्ण जलाशय असून १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तेथे चक्रवाक, पट्टकादंब यांसारखे पाहुणे दूर उत्तरेकडून येतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. त्याच्या प्रवासापुढे माणसाची मोटारसायकल किंवा मोटारगाडी कितीशी?

तेव्हा परदेशाची तिकिटे काढण्याआधी एक हिवाळा घाणेवाडीच्या तलावावर आणि जायकवाडीवर घालवावा. वहीला पाच रकाने आखावेत : तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या. ओळख न पटलेल्या पक्ष्याला अंदाजाने नाव देऊ नये. तो उचंत खात्यात ठेवावा आणि खात्री झाल्यावरच योग्य पानावर चढवावा. ज्या मुलाचे किंवा मुलीचे हे खाते वर्षभर नीट चालले, त्याच्या परदेशप्रवासाला वडीलधाऱ्यांनी मोकळ्या मनाने संमती द्यावी. यातून मिळणार काय, याचे उत्तर तोवर त्या वहीतच लिहिलेले असेल.