चौदा वर्षांची हजेरी : लू गेरिग

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा रुजला नाहीं. त्यांतील खेळाडूंचीं नांवें आपल्या कानांवर येतात तीं बहुधा अमेरिकन चित्रपटांच्या द्वारें; आणि बेब रूथ या एका नांवापलीकडे आपली ओळख सहसा सरकत नाहीं. आज मी ज्या खेळाडूविषयीं बोलणार आहें तो या बेब रूथच्या पाठोपाठ दहा वर्षें बॅट घेऊन मैदानांत उतरत असे. त्याचें नांव लू गेरिग. अमेरिकेंत हें नांव अजून दोन कारणांनीं घेतलें जातें. एक कारण म्हणजे त्याचा एक विक्रम, आणि दुसरें म्हणजे एक असाध्य रोग, ज्याला तेथील सामान्य माणूस 'लू गेरिगचा रोग' असेंच म्हणतो.

क्रिकेट जाणणाऱ्या श्रोत्यांना खेळाचें स्वरूप थोडक्यांत सांगतां येईल. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात. त्यांना बेस म्हणतात. एका बेसपासून दुसऱ्याचें अंतर नव्वद फूट. गोलंदाज चेंडूचा टप्पा न पाडतां तो थेट फेंकतो, आणि फलंदाज वाटोळ्या बॅटनें तो टोलवून पहिल्या बेसकडे धांवत सुटतो. चारी ठाणीं फिरून तो मूळ जागीं परतला कीं एक धांव होते. चेंडू कुंपणापलीकडे गेला तर ही फेरी त्याला सावकाश पुरी करतां येते. त्या टोल्याला होम रन म्हणतात. उलट चेंडू जमिनीवरून गेला, तर क्षेत्ररक्षक तो उचलून पहिल्या बेसवरील गड्याकडे फेंकतो, आणि धांवणाऱ्याच्या आधीं चेंडू तेथें पोंचला कीं फलंदाज बाद. तेव्हां पहिल्या बेसवरील गड्याला उसंत अशी नसते. गेरिग त्या जागेवरचा गडी. बेसबॉलमध्यें दहांपैकीं तीन वेळां टोला साधणारा फलंदाज उत्तम समजला जातो. गेरिगचें साऱ्या कारकीर्दीचें प्रमाण हजारीं ३४० पडतें, आणि त्याच्या होम रनची संख्या ४९३ आहे.

त्याचा जन्म १९ जून १९०३ रोजीं न्यूयॉर्क शहरांत झाला. आईबाप जर्मनींतून आलेले, गरीब. चार मुलांपैकीं हा एकटाच जगला. बापाचा धंदा धातूच्या कामाचा, पण प्रकृति तोळामासा. म्हणून घर चालविलें तें आईनें, लोकांचे कपडे धुऊन आणि परक्यांच्या घरीं स्वयंपाक करून. कोलंबिया विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या एका निवासांत ती स्वयंपाकीण होती, आणि तिचा मुलगा तेथेंच जेवणाचीं पानें वाढीत असे. पुढें तो त्याच विद्यापीठांत विद्यार्थी म्हणून दाखल झाला. मुलानें इंजिनीअर व्हावें ही माउलीची मनीषा. परंतु घरांत आजारपण आलें, पैशाची निकड भासली, आणि १९२३ सालीं गेरिगनें अभ्यास अर्धा टाकून 'न्यूयॉर्क यांकीज' या व्यावसायिक संघाशीं करार केला.

आतां त्या विक्रमाकडे वळूं. १ जून १९२५ रोजीं एका सामन्यांत त्याला बदली फलंदाज म्हणून धाडण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं पहिल्या बेसवरील नेहमीचा गडी वॉली पिप याला बसवून गेरिगला त्या जागीं उभें केलें. पिपचें डोकें दुखत होतें, म्हणून त्यानें एक दिवस विश्रांति मागितली आणि जन्माची जागा गमावली, अशी कथा अमेरिकेंत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. कामावर दांडी मारणाऱ्यांना धाक घालण्यास ती सोयीची आहे. खरी गोष्ट एवढीच दिसते कीं संघ हरत होता, पिपचा खेळ मंदावला होता, आणि व्यवस्थापकाला नवें रक्त हवें होतें. चेंडू लागून पिपचें डोकें खरोखर दुखावलें तें त्यानंतर महिन्याभरानें.

त्या जूनपासून ३० एप्रिल १९३९ पर्यंत यांकीज संघाचा एकहि सामना गेरिगवांचून झाला नाहीं. एकूण सामने २,१३०. या आंकड्याचें वजन नीट ध्यानांत यावयाचें असेल तर हें लक्षांत घ्यावें कीं त्या काळीं एका हंगामांत १५४ सामने होत. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज खेळ, आणि मधल्या रात्री आगगाडींत. बोटें मोडलीं, पाठ धरली, डोक्यावर चेंडू बसून माणूस बेशुद्ध पडला, तरी दुसऱ्या दिवशीं तो हजर. उत्तरकाळांत त्याच्या हातांचीं क्ष-किरण छायाचित्रें काढलीं, तेव्हां हाडें मोडून आपोआप सांधल्याच्या सतरा खुणा त्यांत आढळल्याचें सांगतात. हा विक्रम ५६ वर्षें अबाधित राहिला; ६ सप्टेंबर १९९५ रोजीं बाल्टिमोरच्या कॅल रिपकेननें तो ओलांडला.

परंतु या हजेरींत एक कच्चा दुवा आहे, आणि गेरिगच्या भक्तांनीं तो झांकूं नये असें मला वाटतें. जुलै १९३४ मध्यें डेट्रॉइट येथें कंबरेच्या उसणीनें त्याला उभें राहवेना. १४ तारखेस त्याचें नांव फलंदाजींत सर्वांत वर घालण्यांत आलें. त्यानें एक टोला मारला, पहिल्या बेसवर पोंचला, आणि लगेच बाहेर पडला. हजेरीपटावर खूण झाली. खेळ मात्र झाला नाहीं. रूथसारखे सोबती या हट्टावर टीका करीत, आणि ती अगदींच निराधार नव्हती. हजेरी हें साधन कीं साध्य, हा प्रश्न त्या दिवशीं उभा राहिला. त्याचें उत्तर गेरिगनें दिलें तें पांच वर्षांनीं.

कीर्तीच्या बाबतींत तो बहुधा दुसऱ्याच्या सावलींत राहिला. १९२७ सालीं त्यानें ४७ होम रन काढले. रूथखेरीज कोणींहि तोंपर्यंत एका हंगामांत इतके काढले नव्हते. पण त्याच वर्षीं रूथनें ६० काढले! ३ जून १९३२ रोजीं फिलाडेल्फिया येथें गेरिगनें एकाच सामन्यांत चार होम रन मारले. विसाव्या शतकांत हें कोणाला साधलें नव्हतें. दैवयोग असा कीं नेमका त्याच दिवशीं न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाचा बुजुर्ग व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ तीस वर्षांनंतर निवृत्त झाला, आणि वृत्तपत्रांतील मोठे मथळे त्यालाच मिळाले. स्वभावानें गेरिग लाजाळू आणि मितभाषी. रूथ जितका उधळा, तितकाच हा काटकसरी. घरगुती कारणावरून दोघांत अबोला धरला गेला तो कैक वर्षें टिकला.

१९३८ च्या हंगामांत कांहींतरी बिघडलें. आंकडे तसे वाईट नव्हते: प्रमाण हजारीं २९५, होम रन २९. दुसऱ्या एखाद्याला हे भूषण वाटलें असतें; पण टोल्यांतील जोर ओसरला होता. रोगानें त्याच वेळीं शरीरांत ठाणें दिलें असावें, असें मागाहून अनेकांना वाटलें आहे. १९३९ च्या वसंतांत तर सरावाच्या वेळीं त्याचे पाय लटपटूं लागले. हंगामाच्या पहिल्या आठ सामन्यांत अठ्ठावीस वेळां बॅट हातीं धरून त्याचे चार टोले लागले. व्यवस्थापक जो मॅकार्थी त्याला बसवीना. चौदा वर्षें जो उभा आहे त्याला 'बस' कोणीं म्हणावें? अखेरच्या सामन्यांत पहिल्या बेसवरचा एक अगदीं साधा झेल त्यानें पुरा केला, आणि सोबत्यांनीं धांवत येऊन त्याची पाठ थोपटली. पोरानें पहिलें पाऊल टाकावें आणि घरच्यांनीं टाळ्या वाजवाव्या, तशी ती शाबासकी. ती शाबासकीच त्याला सर्व कांहीं सांगून गेली.

२ मे १९३९ रोजीं, पुन्हां डेट्रॉइटलाच, त्यानें मॅकार्थीची गांठ घेतली आणि संघाच्या हितासाठीं आपण बाहेर बसतों असें सांगितलें. संघनायक या नात्यानें खेळाडूंची यादी पंचांकडे नेऊन देणें हें त्याचें काम होतें. स्वतःचें नांव नसलेली यादी घेऊन तो मैदानाच्या मध्यापर्यंत गेला. ध्वनिक्षेपकावरून ही वार्ता सांगतांच परगांवचे प्रेक्षक उठून उभे राहिले. तो परत येऊन बांकावर बसला आणि रडूं लागला. त्या प्रेक्षकांत वॉली पिपहि होता.

जून महिन्यांत मिनेसोटा प्रांतांतील मेयो रुग्णालयांत त्याची तपासणी झाली, आणि छत्तिसाव्या वाढदिवशीं निदान हातीं आलें: अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस. मेंदू आणि पाठीचा कणा यांतील ज्या मज्जापेशी स्नायूंना हालचालीची आज्ञा पोंचवितात, त्या या रोगांत एकेक करून मरतात. आज्ञा न मिळाल्यानें स्नायू झिजतात. हात, पाय, जीभ, आणि शेवटीं श्वास. पण दृष्टि, श्रवण व स्पर्श शाबूत राहतात, आणि बहुधा बुद्धीहि. म्हणजे काय चाललें आहे तें रोग्याला सारें कळत असतें. एकोणिसाव्या शतकांत शार्को या फ्रेंच वैद्यानें या रोगाचें वर्णन केलें. तो बरा करणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग या रोगासह पन्नासाहून अधिक वर्षें जगले, पण तो अपवाद. गेरिगच्या वांट्याला दोन वर्षेंहि पुरीं आलीं नाहींत.

४ जुलै १९३९ रोजीं, दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत, यांकीजच्या मैदानावर त्याचा सत्कार झाला. साठ हजारांवर लोक जमले होते. त्याचा चार हा क्रमांक पुढें कोणाहि गड्याला न देण्याचें संघानें ठरविलें. बेसबॉलमधील ही अशी पहिलीच घटना. भाषण करण्यास तो प्रथम तयार नव्हता. बोलावयास उभा राहिला तेव्हां त्यानें आपल्या दुर्दैवाचा उल्लेख एका वाक्यांत संपविला आणि स्वतःला जगांतील सर्वांत भाग्यवान माणूस म्हटलें. पुढें आभार मानले ते सोबत्यांचे, मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्यांचे, आईबापांचे आणि पत्नी एलिनॉरचे. मुलीशीं होणाऱ्या कुरबुरींत जांवयाची बाजू घेणाऱ्या सासूबाईहि त्यांतून सुटल्या नाहींत! भाषण संपतांच रूथ पुढें आला आणि त्यानें त्याला मिठी मारली. या भाषणाचें संपूर्ण ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाहीं. चित्रवार्तांतून वांचलेलीं कांहीं वाक्यें तेवढीं ऐकावयास मिळतात.

यानंतर पैसे देणारीं कामें त्याच्यापुढें पुष्कळ आलीं. त्यानें पत्करलें तें न्यूयॉर्क शहराच्या पॅरोल मंडळाचें, म्हणजे कैद्यांना मुदतीपूर्वीं सशर्त सोडावें कीं नाहीं हें ठरविणाऱ्या मंडळाचें, सभासदत्व. महापौर लाग्वार्डिया यांनीं देऊं केलेल्या या पदासाठीं शहरांतच राहण्याची अट होती, म्हणून त्यानें बिऱ्हाड हलविलें. जानेवारी १९४० पासून तो कचेरींत जाऊं लागला, कज्जे वाचूं लागला, तुरुंगांना भेटी देऊं लागला. मात्र या भेटींचा गाजावाजा होऊं दिला नाहीं. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रानें, गेरिगचा रोग सोबत्यांना जडल्यामुळेंच यांकीज संघ ढांसळला, असें सुचविलें. हा रोग संसर्गानें पसरत नाहीं. त्यानें दावा लावला आणि लेखकाला क्षमा मागावी लागली. हात निकामी झाल्यावर कागदांवर सही करण्यासाठीं एलिनॉर त्याचा हात आपल्या हातांत धरीत असे. १९४१ च्या वसंतापर्यंत तो कामावर जात राहिला. मग घराबाहेर पडणें अशक्य झालें.

२ जून १९४१ रोजीं रात्रीं तो वारला. पिपच्या जागीं तो प्रथम उभा राहिला त्या दिवसाला तेव्हां बरोबर सोळा वर्षें झालीं होतीं. एलिनॉर १९८४ पर्यंत जगली. तिनें पुन्हां लग्न केलें नाहीं, आणि या रोगाच्या संशोधनाला मदत मिळवून देण्यासाठीं ती अखेरपर्यंत झटत राहिली.