कॉम्प्युटरची जागा कशाने भरली? पुसण्याआधी मोजा

अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) कापडबाजारात लाल वह्यांची जागा कॉम्प्युटरने घेतली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि लहान दुकानदारालाही त्यावाचून चालेना. पण ऐन सणाच्या गर्दीत 'डिस्क भरली' असा इशारा येतो, बिल निघत नाही. नोकर म्हणतो, जुने पुसून टाकू. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट करू. व्यापारी बांधवांनी दोघांनाही थोडे थांबवावे.

कारण केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२३-२४ या वर्षाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे त्या वर्षाचा हिशेब ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवा. अपील चालू असेल तर त्याहूनही अधिक काळ.

आधी मोजणी

गोदाम भरले की आपण प्रथम कोणत्या मालाने किती जागा अडवली ते पाहतो. इथेही तेच करावे. विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज असे उघडले की प्रोग्राम, फोटो, तात्पुरत्या फाईली यांचा वाटा दिसतो. फोल्डरवार तपशील हवा असल्यास 'विनडर-स्टॅट' हा मोफत प्रोग्राम घ्यावा. तो फोल्डर मोठ्यापासून लहानापर्यंत लावून दाखवतो. नव्या ५०० जीबी डिस्कवर ४६५ च दिसले, तर ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

जागा खाणारे कोण?

पहिला, व्हॉट्सॲप. सुरत, मालेगाव, भिवंडीहून येणारे डिझाईनचे फोटो आणि व्हिडिओ साठत जातात. एक फोटो ४ एमबीचा धरला तर हजार फोटोंना सुमारे ४ जीबी लागतात.

दुसरा, बॅकअप. समजा हिशेबाचा डेटा ३०० एमबी आहे आणि रोज नवी प्रत त्याच डिस्कवर ठेवली जाते. ३०० दिवसांत ९० जीबी गेले! एवढे करून डिस्क बिघडली तर मूळ आणि प्रती एकदमच जातात. जीएसटी नियम ५७ प्रमाणे नोंदी परत मिळवता येतील असा बॅकअप ठेवणे बंधनकारक आहे. म्हणून बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, तो उघडून तपासावा आणि ती डिस्क दुकानाबाहेर ठेवावी. त्यानंतरच आतल्या जुन्या प्रती काढाव्यात.

तिसरा, रिसायकल बिन. पुसलेली फाईल तिथेच पडून राहते. बिन रिकामे केल्याशिवाय जागा सुटत नाही.

इथे सावध

तात्पुरत्या फाईलींच्या यादीत 'डाऊनलोड्स'वरही खूण करता येते. ती करू नये. जीएसटी पोर्टलवरून उतरवलेली विवरणपत्रे आणि ई-वे बिले बहुधा तिथेच असतात. 'विंडोज' व 'प्रोग्राम फाईल्स' या फोल्डरांना हात लावू नये.

दर महिन्याच्या अखेरीस अर्धा तास ही मोजणी करावी. आमच्या मते, नवी डिस्क पैशांनी मिळते. गेलेली खतावणी मिळत नाही.