लहान शहरातील वास्तुविशारद कार्यालय : स्वरूप व अडचणी

प्रस्तावना : वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये वास्तुकला परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यक्तीसच 'वास्तुविशारद' ही उपाधी वापरता येते. तथापि हे संरक्षण उपाधीपुरतेच असून प्रत्यक्ष कामास लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. लहान कार्यालयांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

कामाचे स्वरूप : तालुक्याच्या गावी अशा कार्यालयात सामान्यतः एक वास्तुविशारद व एक-दोन ड्राफ्ट्समन असतात. जागेची मापे घेणे, नकाशा काढणे, नगरपरिषदेची परवानगी मिळवणे व गवंड्यास सूचना देणे ही सर्व कामे त्यांच्याकडेच येतात. घरमालक मात्र बहुधा परवानगीच्या नकाशापुरतेच पैसे देतो. असा नकाशा स्थापत्य अभियंताही करून देत असल्याने शुल्काबाबत घासाघीस होते. परिणामी उजेड, वारा व पावसाची दिशा यांचा विचार आणि बांधकामावरील देखरेख ही कामे विनामूल्य ठरतात किंवा वगळली जातात.

निष्कर्ष : पाच वर्षांच्या पदवी शिक्षणाचा खरा उपयोग याच वगळल्या जाणाऱ्या कामांत असतो. उपाधी ग्राहक मिळवून देत नाही. म्हणून संरचना, परवानगी व देखरेख यांचे शुल्क प्रारंभीच लेखी व स्वतंत्रपणे ठरवणे, हाच अशा कार्यालयांपुढील व्यवहार्य मार्ग होय.