माणिक चौक, नंदुरबार

माणिक चौक, नंदुरबार : खानदेशातील नंदुरबार शहराच्या जुन्या, मध्यवर्ती वस्तीतील ऐतिहासिक चौक. ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळात ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता व त्यांचे चार सोबती येथे हुतात्मा झाले. त्यांचे स्मारक या चौकात आहे. अहमदाबाद येथील प्रसिद्ध माणेक चौकाशी नामसादृश्य असले, तरी हा चौक त्याहून निराळा होय.

त्या वेळी नंदुरबार हे पश्चिम खानदेश जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते व जिल्ह्याचे मुख्य ठाणे धुळे येथे होते. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन विभाग झाले. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर १९६० मध्ये त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला.

चौक आणि खानदेशातील नगररचना : चौक हा शब्द संस्कृत ‘चतुष्क’ या शब्दापासून आला असून त्याचे दोन अर्थ रूढ आहेत. वाड्याच्या मध्यभागी असलेली, चहूबाजूंनी सोप्यांनी वेढलेली मोकळी जागा हा एक अर्थ. गावातील रस्ते जेथे एकत्र येतात ती जागा हा दुसरा. पहिला चौक कुटुंबाचा असतो, तर दुसरा सर्व गावाचा. याच अर्थाचा ‘चव्हाटा’ हा जुना शब्द मराठीत आहे. एखादी गोष्ट ‘चव्हाट्यावर आणणे’ या वाक्प्रचारातून अशा जागेचे सार्वजनिक स्वरूप स्पष्ट होते. तेथे घडलेले सर्वांच्या देखत घडते आणि सर्वांच्या चर्चेचा विषय बनते.

खानदेशातील शहरांचे चौक मुख्यतः व्यापारातून घडले. मराठी सत्तेच्या अस्तानंतर खानदेशाचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने मुंबई–आग्रा मार्गावरील धुळे हे मुख्य ठाणे म्हणून निवडले, तेथे नव्या वस्तीची आखणी केली व सवलती देऊन बाहेरील व्यापारी आणि कारागीर वसविले. सरळ रस्ते व त्यांचे नियमित छेद हे धुळ्याच्या या वस्तीचे वैशिष्ट्य आहे. पाचकंदील हा तेथील गजबजलेला व्यापारी भाग सर्वपरिचित आहे. जळगावची वाढ रेल्वेमुळे व कापसाच्या व्यापारामुळे झाली. तेथील टॉवर चौक घड्याळाच्या मनोऱ्यामुळे, तर सुभाष चौकाचा परिसर सराफी व्यवसायामुळे ओळखला जातो.

नंदुरबार ही या दोहोंपेक्षा जुनी पेठ होय. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याच्या प्रवासवृत्तात तिचा उल्लेख आहे. अकबराच्या काळात नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. सुरत बंदर आणि अंतर्भाग यांना जोडणाऱ्या मार्गावरील स्थानामुळे सतराव्या शतकात त्यास महत्त्व होते. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील लोहमार्ग सुरू झाल्यावर येथील व्यापाराला पुन्हा चालना मिळाली. धान्य, कापूस व विशेषतः मिरची यांची बाजारपेठ म्हणून हे शहर प्रसिद्ध आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा आदिवासी मुलूख व गुजरातची सीमा जवळ असल्यामुळे मराठी, अहिराणी, गुजराती आणि भिली या भाषा येथील बाजारात नित्य कानी पडतात.

आंदोलनाची पार्श्वभूमी : राष्ट्रीय चळवळ खानदेशात खोलवर रुजलेली होती. विनोबा भावे यांनी १९३२ मध्ये धुळे येथील तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली व ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली पूर्व खानदेशातील फैजपूर येथे भरले.

मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच प्रमुख नेत्यांना अटक करण्यात आली. ठिकठिकाणचे कार्यकर्तेही लवकरच तुरुंगात गेले किंवा भूमिगत झाले. त्यामुळे चळवळ चालू ठेवण्याचे काम अनेक गावांत विद्यार्थ्यांवर व तरुणांवर येऊन पडले. प्रभातफेरी काढणे, घोषणा देणे व तिरंगा ध्वज मिरविणे ही त्यांची साधने होती. मोर्चा वा फेरी गावातील चौकात येणे स्वाभाविक असे. कारण सर्व गावाला ती दिसण्याची जागा तीच होती. बंदोबस्तासाठी पोलीसही बहुधा तीच जागा निवडत. अरुंद रस्त्यांतून येणारा जमाव चौकात अडविला, म्हणजे पुढच्यांना सहजासहजी मागे फिरता येत नसे.

गोळीबार : नेत्यांच्या अटकेला एक महिना पूर्ण झाला त्या दिवशी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारमध्ये मुलांची फेरी निघाली. तिच्या अग्रभागी ध्वज घेऊन शिरीषकुमार मेहता होते. त्यांचा जन्म २८ डिसेंबर १९२६ रोजी नंदुरबार येथील एका गुजराती व्यापारी कुटुंबात झाला होता. या वेळी त्यांना सोळावे वर्ष चालू होते. मध्यवर्ती भागात पोलिसांनी फेरी अडविली व पांगण्याचा हुकूम दिला. मुलांनी तो मानला नाही व घोषणा चालूच ठेवल्या. पोलिसांनी फेरीतील मुलींच्या दिशेने बंदूक रोखली असता शिरीषकुमार पुढे झाले व गोळी घालावयाची तर आपणास घालावी असे त्यांनी बजावले, असे सांगितले जाते. त्यानंतरच्या गोळीबारात ते मृत्युमुखी पडले. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे त्यांचे चार सोबतीही प्राणास मुकले.

त्याच दिवशी सातारा जिल्ह्यात वडूज येथील मोर्चावरही गोळीबार होऊन अनेक जण हुतात्मा झाले. तो मोर्चा मामलेदार कचेरीवर चालून गेला होता. नंदुरबारमध्ये मात्र कोणत्याही सरकारी इमारतीचा ताबा घेण्याचा प्रश्न नव्हता. आपल्या गावाच्या पेठेतून राष्ट्रध्वज घेऊन जाण्याचा हक्क एवढाच वादाचा विषय होता. माणिक चौकाचे ऐतिहासिक महत्त्व याच गोष्टीत आहे. गावाचा रस्ता कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर तेथे मुलांनी प्राणांच्या मोलाने दिले.

या घटनेनंतर पश्चिम खानदेशातील चळवळ थंडावली नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी भूमिगत क्रांतिकारकांनी चिमठाणे येथे सरकारी खजिना लुटला.

स्मारक व आजचे स्वरूप : हुतात्म्यांची स्मृती जपण्याच्या रीती स्थलपरत्वे भिन्न आढळतात. अमृतसर येथील जालियनवाला बाग ही भिंतींनी वेढलेली जागा असून ती संपूर्णतः स्मारक म्हणून राखली आहे. मुंबईत फ्लोरा फाउंटनचा परिसर संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील हुतात्म्यांच्या स्मरणार्थ हुतात्मा चौक या नावाने ओळखला जाऊ लागला. नंदुरबारमध्ये चौकाचे जुने नाव टिकून राहिले आणि त्याचा रोजचा वापरही थांबला नाही. दुकाने, ग्राहक व वाहने यांच्या मधोमध येथे स्मारक आहे. दरवर्षी ९ सप्टेंबर रोजी विद्यार्थी, नागरिक व लोकप्रतिनिधी येथे एकत्र येऊन हुतात्म्यांना अभिवादन करतात.

नंदुरबार हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक असून धुळ्याच्या वायव्येस आहे. भव्य वास्तू पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्यास माणिक चौकात फारसे काही आढळणार नाही. येथे पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या जागेची मांडणी. पेठेतील रस्त्यांनी चौकात चालत आल्यास शाळकरी मुलांची फेरी व बंदूकधारी पोलीस यांच्यात किती थोडे अंतर असावे, याची कल्पना येते. पुस्तकातील वर्णनावरून ती येत नाही. सकाळी, पेठ पूर्ण भरण्यापूर्वी, हे अधिक स्पष्टपणे जाणवते.

बाजारपेठेतील स्मारकाला एक धोका नेहमीच असतो. नित्य येणाऱ्या-जाणाऱ्यास ते परिचयाने दिसेनासे होते आणि वाढत्या वाहतुकीत त्याभोवती थांबण्यास जागा उरत नाही. स्मारकाचा दगड टिकविणे तुलनेने सोपे असते. त्यापुढे लोकांना एकत्र जमता येईल एवढी मोकळी जागा राखणे अधिक कठीण व अधिक आवश्यक असते. १९४२ मध्ये या पाच जणांनी ज्या हक्कासाठी प्राण दिले, तो अशा जागेत निर्भयपणे एकत्र येण्याचाच होता. त्यामुळे माणिक चौक सर्वांसाठी खुला व वापरता राहणे, हा त्या स्मारकाचाच एक भाग मानावा लागतो.