आधी पिस्टन, मग बोअर

जुनी जावा घ्यायला आलेला माणूस आधी टाकीवरचं क्रोम बघतो, मग सीट, मग दोन्ही बाजूंचे सायलेन्सर. सिलिंडरच्या आत डोकावणारा विरळाच. गाडी किती वापरलीय ते मात्र तिथेच कळतं.

मित्राच्या साठच्या दशकातल्या जावा 250 चा ब्लॉक घेऊन आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका रिबोअरवाल्या, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून मोठ्या पिस्टनच्या मापाचा करणाऱ्या मिस्त्रींकडे गेलो. तक्रार नेहमीचीच होती. इंजिन थंड असताना खडखड, तापल्यावर ती जरा कमी, आणि चढ लागला की गाडी धापा टाकणार. किकही पोकळ लागत होती. (या गाडीत गिअरचाच दांडा फिरवून उभा केला की किक होते. ज्याने ती कधी मारली नाही, त्याला हे सांगून पटत नाही.)

मिस्त्रींनी ब्लॉकमध्ये बोट घातलं आणि वरच्या काठाखाली नख अडकवून दाखवलं. रिंगा जिथवर चढतात तिथवर बीड झिजलेलं, त्याच्या वर कोरं, आणि मधे नखाला लागेल एवढी पायरी. मग बोअर गेज आत गेला. वर, मधे, खाली. प्रत्येक ठिकाणी एकदा पुढून मागे, एकदा डावीकडून उजवीकडे. पुढून मागे काटा जास्त सरकत होता. कनेक्टिंग रॉड तिरपा होताना पिस्टनला याच दोन भिंतींवर रेटतो, त्यामुळे झीज तिथेच जास्त. बोअर वरच्या बाजूला लांबट झाला होता, तळाशी जवळपास मूळ मापाचा होता. नुसत्या नव्या रिंगा टाकून भागेल का, असं मित्राने विचारून पाहिलं.

"गोल रिंग लांबट भोकात बसंल व्हय?" मिस्त्री म्हणाले.

या इंजिनाचा मूळ बोअर 65 मिलिमीटर, स्ट्रोक 75. त्यापुढचे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. हिशेब केला तर मूळ इंजिन भरतं 248.9 सीसी, आणि पहिल्या रिबोअरनंतर 250.8. म्हणजे नावाची अडीचशे खरी अडीचशे व्हायला गाडी एकदा झिजावी लागते!

मित्राला घाई होती. पाव कशाला, एकदम अर्धा मिलिमीटर काढा, असं त्याचं म्हणणं. मिस्त्रींनी ते उडवून लावलं आणि माझ्या मते बरोबर केलं. प्रत्येक रिबोअरला भिंत पातळ होते, आणि शेवटचा ओव्हरसाइज संपला की आत नवं अस्तर, म्हणजे स्लीव्ह, बसवण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि नवा ब्लॉक आणायचा तरी कुठून? मैसूरच्या आयडियल जावाने 1973 पासून हीच जातकुळी येझदी नावाने चालवली, 1996 मध्ये कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा हे नाव परत आलं खरं, पण ते इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. त्यातलं काही इथे चालत नाही. तेव्हा आहे तो ब्लॉक जपूनच कातायचा.

पिस्टन हातात आल्याशिवाय मिस्त्रींनी मशीनला हात लावला नाही. खोक्यावरचा आकडा त्यांनी वाचला आणि खोकं बाजूला ठेवलं. माप घेतलं ते मायक्रोमीटरने, पिस्टनच्या खालच्या घेरावर, गजन पिनच्या काटकोनात. पिस्टन वरून खालपर्यंत सारखा नसतो. माथा जास्त तापतो, जास्त फुगतो, म्हणून तो मुळातच बारीक ठेवलेला असतो. शिवाय ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. फट कमी पडली तर पिस्टन धावत्या गाडीत जाम होणार, जास्त झाली तर खडखड पुन्हा सुरू. म्हणून बोअर करायचा तो हातातल्या पिस्टनसाठी, खोक्यावरच्या आकड्यासाठी नाही.

टूल खाली उतरलं तशी बिडाची करडी भुकटी गळायला लागली. शेवटचे काही शतांश मिलिमीटर होनिंगसाठी शिल्लक ठेवले. होनिंगच्या दगडांवर रॉकेल सोडत, वर-खाली एका लयीत, भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा उठवल्या. तेल धरून ठेवतात त्या याच. मधेच काम थांबवून ब्लॉक निवू दिला. "गरम माप खोटं असतंय," एवढंच स्पष्टीकरण.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पोर्टच्या कडांवर. टू-स्ट्रोकच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि रिंग त्यांच्यावरून सतत जा-ये करते. खिडकीशी ती किंचित बाहेर फुगते. कड धारदार असेल तर अडकून तुटते. मिस्त्रींनी एकेक कड हाताने मोडली, बोट फिरवून पाहिली, पुन्हा मोडली. हे काम बाहेरून दिसत नाही, म्हणून बरेच जण ते टाळतात.

मग रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट फीलर गेजने तपासली. शेवटी ब्लॉक साबण आणि गरम पाण्याने घासला. रॉकेलने दगडाची पूड पुरती निघत नाही, आणि राहिली तर नव्या रिंगा तीच खाऊन टाकते. पांढरं फडकं आतून फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत धुणं चाललं होतं. लगेच तेल, कारण ताजं बीड बघता बघता गंजतं.

तुमचा ब्लॉक रिबोअरला द्याल तेव्हा पिस्टन बरोबर न्या आणि आधीची-नंतरची मापं कागदावर मागून घ्या. ताब्यात घेताना पोर्टच्या कडांवरून बोट फिरवा. टोचलं, तर ब्लॉक तिथेच परत द्या.