चिखलाचे टायर कीं सर्व वाटांचे?

गारगोटीहून कोल्हापूर सुमारें ५० किलोमीटर. ही वाट डांबराची व रोजच्या रहदारीची. परंतु याच गारगोटीहून उलट दिशेनें, वेदगंगेच्या उगमाकडे निघालें, कीं कडगांव, पाटगांव, तांब्याची वाडी, भटवाडी हीं गांवें मागें टाकतां टाकतां रस्ता अरुंद होत जातो. शेवटीं चिक्केवाडीकडे, रांगणा किल्ल्याच्या रोखानें जाणारी वाट म्हणजे जंगलांतली लाल मातीची, दगडधोंड्यांची आणि पावसाळ्यांत ओढ्यांची वाट होय. एकाच गाडीला या दोन्ही वाटांवर धांवावयाचें असतें. तिच्या पायांत कोणते जोडे घालावेत, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

थार, जिमनी, गुरखा अशा चारही चाकांना शक्ति पुरविणाऱ्या गाड्या आतां अनेक घरांत आल्या आहेत. अशी गाडी घेतली कीं दुकानदार दोन प्रकारचे टायर पुढें करतो. एक ‘मड टेरेन’, म्हणजे चिखलासाठीं केलेला. दुसरा ‘ऑल टेरेन’, म्हणजे सर्व वाटांवर चालावा असा. पहिला दिसावयाला रुबाबदार असतो, आणि पुष्कळ वेळां निवड तेवढ्यावरच होते. ती तशी होऊं नये, कारण घरच्या माणसांचा जीव अखेर तळहाताएवढ्या चार ठिकाणीं जमिनीला टेकलेला असतो.

हा प्रश्न नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील विलिस जीपला ६.०० बाय १६ मापाचे टायर असत. त्यांच्यावर आडव्या जाड पट्ट्यांची, पुढें व मागें सारखीच पकड देणारी नक्षी होती. ती कच्च्या जमिनीवर उपयोगी पडे, पण ओल्या पक्क्या रस्त्यावर तिची पकड कमी पडे. आजची अडचणही मुळांत तीच आहे.

प्रथम चिखलाचें शास्त्र पाहूं. उसाच्या शेतांत चालणारा ट्रॅक्टर आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्याच्या मागच्या चाकावर रबराचे उंच पट्टे असतात आणि दोन पट्ट्यांमध्यें रुंद मोकळी जागा असते. पट्टा मऊ मातींत रुततो व मातीला मागें रेटतो. चाक फिरूं लागलें कीं मोकळ्या जागेंतला चिखल बाहेर फेकला जातो. मड टेरेन टायर याच तत्त्वावर बनविलेला आहे. ठोकळे मोठे व खोल, फटी रुंद, बाजूच्या भिंतीवरही उंचवटे. याच्या उलट बारीक नक्षीच्या टायरांत चिकण माती भरून बसते आणि थोड्याच अंतरांत तें चाक गुळगुळीत लाटण्यासारखें होतें. मग यंत्राची शक्ति कितीही असो, गाडी जागच्या जागीं फिरत राहते.

आतां डांबराचें शास्त्र. ओल्या रस्त्यावर पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते : रबर किती प्रमाणांत जमिनीला टेकतें, आणि मधलें पाणी किती लवकर बाजूला सारलें जातें. ऑल टेरेन टायरचे ठोकळे लहान व जवळजवळ असतात, आणि त्यांवर सुरीनें कापल्यासारख्या बारीक चिरा असतात. या चिरांच्या कडा ओल्या डांबराला धरून ठेवतात. मड टेरेनमध्यें अशा चिरा थोड्या, आणि रुंद फटींमुळें टेकणारें रबरही कमी. म्हणून ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबावयाला सामान्यतः अधिक अंतर लागतें. शिवाय वजन जास्त, इंधनाचा खर्च जास्त, झीज लवकर, आणि वेगानें जातांना घोंगावल्यासारखा आवाज.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. चारही चाकांना शक्ति मिळाली म्हणजे गाडी पुढें जाण्यास मदत होते, थांबण्यास नाहीं. ब्रेक तर साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. चिखलांतून सहज निघणारी गाडी पावसाळी वळणावर तितक्याच सहज थांबेल, असें मानणें घातक आहे.

मग निवड कशी करावी? वहींत हिशेब मांडावा. समजा, गारगोटींत राहणारें एक कुटुंब वर्षाला १५,००० किलोमीटर गाडी चालवितें. त्यांतील कामाचा मोठा भाग कोल्हापूरचा. खरा चिखल वर्षांतून ३०० किलोमीटर लागतो असें धरलें, तर तो शंभरांत दोन होतो. दोन किलोमीटरच्या सोयीसाठीं अठ्ठ्याण्णव किलोमीटर धोका पत्करण्यांत शहाणपण नाहीं. अशा घरानें ऑल टेरेनच घ्यावेत. परंतु ज्याचें रान किंवा वस्ती डोंगरांत आहे, ज्याला भर पावसांत आजाऱ्याला वाडीवरून गारगोटीच्या दवाखान्यांत आणावें लागतें, त्याचा हिशेब निराळा. त्याच्यासाठीं चिखलांत अडकणें हाच मोठा धोका आहे. त्यानें मड टेरेन अवश्य घ्यावेत; मात्र डांबरावर आल्यावर वेग कमी ठेवून पुढच्या गाडीपासून अंतर वाढवावें.

आपल्या डोंगरांत आणखी एक शत्रु आहे : जांभ्या दगडाच्या धारदार कडा. त्या टायरची बाजूची भिंत चिरतात. म्हणून कोणताही प्रकार घेतला तरी बाजूची भिंत भक्कम आहे कीं नाहीं हें पाहावें आणि जादा चाक नीट भरलेलें ठेवावें. मऊ जमिनींत हवा कांहींशी कमी केली कीं टायर लांबट पसरतो व पकड वाढते. हा उपाय फुकटचा आहे आणि पुष्कळदां ऑल टेरेनवरच काम भागवितो. पण डांबरावर परततांच हवा पुन्हां भरली पाहिजे, नाहींतर टायर तापून फुटण्याचा संभव असतो. म्हणून हवेचें माप व लहान पंप गाडींत असावाच.

मापाविषयीं दोन शब्द. चारही टायर एका मापाचे व सारख्या झिजेचे असावेत, नाहींतर शक्ति वांटणाऱ्या गिअरांवर ताण येतो. मोठ्या मापाचा मोह टाळावा. ७५० मिलिमीटर व्यासाच्या जागीं ८०० मिलिमीटरचें चाक बसविलें, तर वेगमापक ६० दाखवीत असतां गाडी प्रत्यक्षांत ६४ च्या वेगानें धांवत असते. कारखान्यानें सांगितलेल्या मापांतच राहावें. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खालीं गेली कीं मोटारीचा टायर कायद्यानेंही बाद ठरतो. पावसाळी घाटवाटेसाठीं तो त्याच्या पुष्कळ आधीं बदलावा.

शेवटीं एक विनंती. शहरांतून हौसेनें येणारी गाडी उंच ठोकळ्यांच्या चाकांनीं ओली वाट उकरते आणि संध्याकाळीं निघून जाते. मागें राहिलेल्या खोल चाकोरींतून दुसऱ्या दिवशीं शाळेचीं मुलें आणि डोक्यावर ओझें घेतलेल्या बाया चालतात. जंगलांतल्या वाटेवर वनखात्याची परवानगी आधीं विचारावी, आणि जमीन फार मऊ असेल तर गाडी खालीं ठेवून पायीं जावें. रांगणा पायांनींही गांठतां येतो. टायर निवडतांना आपली वाट कोणती, एवढेंच पाहूं नये. ती वाट आणखी कोणाची आहे, हेंही आठवावें.